एक चित्र, शहाण्णव दिवस

फोर-के पडद्यावर आडव्या ओळीत ३,८४० आणि उभ्या ओळीत २,१६० पिक्सेल असतात. गुणाकार ८२,९४,४००. एवढे ठिपके हातानं रंगवायला घेतले, सेकंदाला एक या वेगानं, रात्रंदिवस, जेवणाखाणालाही न उठता, तर एक चित्र पुरं व्हायला ९६ दिवस लागतात. अगदी बरोबर ९६; दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागून पाहा, बाकी शून्य उरते.

व्हिडिओ गेमचं मात्र एका चित्रानं भागत नाही. हालचाल अगदी गुळगुळीत दिसायची तर सेकंदाला साधारण साठ चित्रं पडद्यावर यावी लागतात. साठ चित्रांचे ५,७६० दिवस, म्हणजे पावणेसोळा वर्षं झाली की खेळातला एक सेकंद संपतो. याच हिशेबानं एका तासाच्या खेळाला सुमारे ५६,७७० वर्षं लागतील आणि दहा तासांच्या खेळाला ५ लाख ६७ हजारांहून अधिक.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचं वय आर्गॉनच्या समस्थानिकांवरून काढलं गेलं आणि २०११ साली प्रसिद्ध झालं, ते ५ लाख ७० हजार वर्षं, ४७ हजार इकडे-तिकडे. त्याआधी ५२ हजार वर्षं हा आकडा सांगितला जायचा. जुना आकडा एका तासाच्या खेळात बसतो, नवा जवळपास दहा तासांच्या खेळाइतका आहे. उल्का आदळली त्या दिवशी कुणी सेकंदाला एक पिक्सेल रंगवायला बसला असता, तर त्याचा दहा तासांचा खेळ आत्ता कुठे रंगवून झाला असता. एखाद्या घरातल्या टेबलावरचा गेमिंग पीसी तेवढी चित्रं खरोखरच दहा तासांत दाखवतो.

आणि खरं नवल याच्याही पुढचं आहे. त्या पीसीतलं ग्राफिक्स कार्ड हे सगळे पिक्सेल रंगवतच नाही. पुष्कळदा ते त्यातला चौथा हिस्साच रंगवतं. उरलेले तीन हिस्से गेमच्या फोल्डरमध्ये पडलेली एक फाइल भरून काढते. ही फाइल कशी काम करते, ते आकड्यांच्याच वाटेनं समजून घेण्यासारखं आहे.

जिल्हा एकोणीस सेकंदांत

एक पिक्सेल म्हणजे एक चौरस मीटर जमीन, असं धरू. मग फोर-केचं एक चित्र ३.८४ किलोमीटर लांब आणि २.१६ किलोमीटर रुंद होतं. लोणारचं विवर साधारण १.८३ किलोमीटर व्यासाचं. ते काठासकट या एका चित्रात मावतं. बुलढाणा जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर, म्हणजे ९६६ कोटी १० लाख चौरस मीटर. सेकंदाला साठ फोर-के चित्रं म्हणजे ४९ कोटी ७६ लाख ६४ हजार पिक्सेल. भागाकार येतो १९.४. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोद, दक्षिणेला जिजाऊंचं सिंदखेड राजा, मधलं खामगाव, चिखली, मेहकर, असे तेराच्या तेरा तालुके मीटरामीटरानं पडद्यावर यायला वीस सेकंदही लागत नाहीत.

यातला एकेक पिक्सेल रंगवणं हे मोठं काम आहे. त्या जागी कोणती वस्तू दिसते, ती कॅमेऱ्यापासून किती लांब आहे, तिच्यावर कोणकोणत्या दिव्यांचा उजेड पडतो, कुणाची सावली येते, पृष्ठभाग ओला आहे की खडबडीत, बाजूच्या पाण्यात तिचं प्रतिबिंब पडतं का, या सगळ्याचं उत्तर काढल्याशिवाय रंग ठरत नाही. रे ट्रेसिंग चालू केलं तर पिक्सेलागणिक प्रकाशकिरण सोडून तो कुठे आदळतो आणि तिथून कुठे वळतो हेही मोजावं लागतं. हे सारं एका सेकंदाच्या साठाव्या भागात, १६.६७ मिलिसेकंदांत आटपायचं असतं. वेळ चुकली की सेकंदाला येणारी चित्रं कमी होतात, मुलं म्हणतात तसे ‘एफपीएस पडतात’, आणि खेळ अडखळायला लागतो.

आता फुल एचडी पडदा घ्या. १,९२० गुणिले १,०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. माणशी एक पिक्सेल वाटायला घेतला तर पाच लाखांवर लोक रिकाम्या हातानं परत जातील. फोर-केमध्ये माणशी तीन-तीन देऊनही पाच लाखांवर पिक्सेल उरतात. लांबी आणि रुंदी दोन्ही फक्त दुप्पट केली, पण काम चौपट झालं. पडद्यांचे आकडे असे चौपटीनं वाढत गेले आणि कार्डांची ताकद त्यांच्यामागे धापा टाकत धावत राहिली. कार्ड घेणाऱ्याचा खिसा तर केव्हाच मागे पडला.

म्हणून गेम बनवणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. चित्र लहान आकारात रंगवायचं आणि पडद्यावर जाताना मोठं करायचं. यालाच अपस्केलिंग म्हणतात. गेमच्या सेटिंगमध्ये ‘क्वालिटी’ निवडलं तर फोर-केसाठी प्रत्यक्षात २,५६० बाय १,४४०, म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल रंगवले जातात. ‘परफॉर्मन्स’ निवडलं तर फुल एचडीइतके, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. ‘अल्ट्रा परफॉर्मन्स’मध्ये १,२८० बाय ७२०, म्हणजे ९,२१,६००, नवातला एक. परफॉर्मन्सवर तासभर खेळलं तर पडद्यावर एकूण १,७९,१५९ कोटी पिक्सेल येतात. कार्डानं खरोखर रंगवलेले त्यांतले ४४,७९० कोटी असतात. बाकी १,३४,३६९ कोटी त्या फाइलनं हिशेब करून भरलेले.

फोल्डरमधली फाइल

विंडोजवर एखाद्या नव्या मोठ्या गेमचं फोल्डर उघडलं तर शेकडो फाइलींमध्ये अपस्केलिंगची ती फाइल सापडते. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंग तंत्राची असेल तर तिचं नाव ‘एनव्हीएनजीएक्स_डीएलएसएस.डीएलएल’. इंटेलच्या एक्सईएसएसची असेल तर ‘लिबएक्सईएसएस.डीएलएल’. एएमडीच्या एफएसआरची असेल तर नावात बहुधा ‘फिडेलिटीएफएक्स’ किंवा ‘एफएफएक्स’ दिसतं. शेवटचं ‘डीएलएल’ म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी. ही फाइल डबल-क्लिक करून चालत नाही. गेम सुरू झाला की ती मेमरीत येते आणि गेम तिच्यातली कामं नाव घेऊन मागवतो.

फाइलीचे पहिले दोन बाइट पाहिले तर तिथे इंग्रजी ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरं असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये डॉसचा हा फाइल-साचा तयार करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. विंडोजवरच्या प्रत्येक प्रोग्रामच्या आणि लायब्ररीच्या माथ्यावर ती आजही असतात. त्यामागे बाहेरून मागवता येणाऱ्या कामांच्या नावांची यादी, प्रोसेसरसाठीचा कोड, ग्राफिक्स कार्डावर चालणारा कोड आणि, डीएलएसएससारख्या फाइलीत, न्यूरल नेटवर्कचे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणिती जाळ्याचे, शिकून पक्के झालेले आकडे असतात. डीएलएसएसच्या फाइलीचा आकार काही डझन एमबी असतो. फोर-केचं एक चित्र न दाबता, पिक्सेलला चार बाइट देऊन साठवलं तर ३३ एमबी होतं. म्हणजे दीड-दोन चित्रांच्या जागेत ती सगळी विद्या मावलेली असते, जिच्या जोरावर तासाला सव्वा लाख कोटींहून जास्त पिक्सेल भरले जातात.

गेम आणि फाइल यांच्यातला करार सरळ आहे. सुरुवातीला गेम विचारतो, या कार्डावर तू चालतेस का? मग सांगतो, मी एवढ्या आकाराचं चित्र देईन, तू एवढ्या आकाराचं परत दे. त्यानंतर प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, गेम मुख्यतः तीन गोष्टी हातात ठेवतो: रंगवलेलं लहान चित्र, प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याचा तक्ता, आणि प्रत्येक पिक्सेल मागच्या फ्रेममध्ये कुठे होता याचा तक्ता. या शेवटच्याला मोशन व्हेक्टर म्हणतात. पिक्सेलमागे दोन आकडे, एक आडव्या सरकण्याचा आणि एक उभ्या. फुल एचडीवर सेकंदाला साठ फ्रेम म्हटल्या तर हे आकडेच २४ कोटी ८८ लाख होतात. रंगाला आठ, अंतराला चार आणि हालचालीला चार बाइट धरले तर गेम त्या फाइलीच्या हवाली सेकंदाला सुमारे दोन जीबी माहिती करत असतो.

आणि उत्तर किती वेळात हवं? कार्डाप्रमाणे साधारण एक ते तीन मिलिसेकंदांत. दोन धरले तर फोर-केच्या एका पिक्सेलच्या वाट्याला सरासरी ०.२४ नॅनोसेकंद येतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सात सेंटिमीटर पुढे सरकतो. हे जमतं ते एकाच वेळी हजारो हात कामाला असल्यामुळे. आरटीएक्स ३०६० सारख्या मधल्या किमतीच्या कार्डावर ३,५८४ गणक-कोर आणि १,२०० कोटी ट्रान्झिस्टर असतात.

लोणारचे ६१ ठिपके

लहान चित्र मोठं करण्याचा जुना मार्ग म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून मधली जागा भरणं. त्यानं चित्र मोठं होतं, पण धूसर होतं. एएमडीनं जून २०२१ मध्ये आणलेलं पहिलं एफएसआर याच जातीचं होतं, जरी त्याचं गणित बरंच शहाणं होतं. आजूबाजूचे बारा पिक्सेल पाहून कडा कुठल्या दिशेला जाते ते ओळखायचं आणि त्या कडेच्या अंगानं रंग पसरायचा. तरी एका चित्रात जी माहिती नाहीच, ती कोणतंही गणित त्यातून काढू शकत नाही.

याचं उत्तर गेमच्या जगाआधी उपग्रहांच्या जगात सापडलं होतं. जून २०२० मध्ये लोणारच्या विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नासानं लँडसॅट ८ या उपग्रहानं २५ मे आणि १० जूनला टिपलेली चित्रं प्रसिद्ध केली. त्या उपग्रहाच्या रंगीत चित्रात एक पिक्सेल म्हणजे ३० मीटर. आपलं एवढं मोठं विवर त्यात एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत अवघे ६१ पिक्सेल भरतं. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. काठावरचं एखादं देऊळ त्या एका ठिपक्यात झाडांबरोबर विरघळून जातं.

पण उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो आणि दर खेपेला त्याच्या पिक्सेलांची जाळी जमिनीवर किंचित वेगळ्या ठिकाणी पडते. १९८४ साली त्साय आणि हुआंग या संशोधकांनी लँडसॅटसारख्या चित्रांसाठी दाखवून दिलं की पिक्सेलच्या अंशानं सरकलेली अशी अनेक धूसर चित्रं नीट जुळवली, तर त्यांतून एकट्या चित्रात नसलेला तपशील बाहेर काढता येतो. एका खेपेला देऊळ या ठिपक्यात जास्त येतं, दुसऱ्या खेपेला त्या ठिपक्यात. दोन्ही नोंदी समोर ठेवल्या की देवळाची जागा जास्त नेमकी कळते. पुढे हबल दुर्बिणीच्या खोल अवकाशाच्या चित्रांसाठीही याच तत्त्वाचं तंत्र वापरलं गेलं.

आजचं गेममधलं अपस्केलिंग याच पायावर उभं आहे. उपग्रहाला जी सरक आपोआप मिळते, ती गेम मुद्दाम घडवून आणतो.

बत्तीस धक्के, आठ नमुने

प्रत्येक फ्रेमला गेम आपला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाइतका हलवतो. किती आणि कुठे, हे हॅल्टन श्रेणी नावाचं गणित ठरवतं. ते इतकं सोपं आहे की वहीत करता येतं. फ्रेमचा क्रमांक द्विमान पद्धतीत लिहायचा, उलटा करायचा आणि अपूर्णांक चिन्हाच्या पुढे ठेवायचा. पहिल्या चार फ्रेमना १/२, १/४, ३/४, १/८ मिळतात. ही आडवी सरक. हेच तीनच्या पायावर केलं की १/३, २/३, १/९, ४/९ येतात. ही उभी सरक. दोन्हींतून अर्धा वजा केला की पिक्सेलच्या मध्यापासूनचं अंतर मिळतं. या श्रेणीचा गुण असा की ठिपके एका जागी गर्दी करत नाहीत; पिक्सेलच्या चौकटीत सगळीकडे सारखे पसरत जातात.

परफॉर्मन्स सेटिंगला अशा ३२ वेगवेगळ्या जागा ठरलेल्या असतात. सेकंदाला साठ फ्रेम म्हटल्यावर ३२ फ्रेम अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात होतात. आता गुणाकार करा. ३२ गुणिले २०,७३,६०० म्हणजे ६ कोटी ६३ लाख ५५ हजार २०० नमुने. त्याला फोर-केच्या ८२,९४,४०० नी भागलं तर येतात बरोबर आठ. स्थिर दृश्यात अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर फोर-केच्या प्रत्येक पिक्सेलमागे आठ खरेखुरे, मोजलेले नमुने जमा होतात. फोर-के सरळ रंगवलं असतं तर त्या-त्या फ्रेमला पिक्सेलमागे एकच मिळाला असता. अपस्केल केलेलं चित्र कधीकधी मूळ फोर-केपेक्षाही स्वच्छ दिसतं, तारेचं कुंपण तुटक दिसत नाही, लांबची जाळी लुकलुकत नाही, त्याचं कारण हे आहे. तो तपशील कल्पनेतून आलेला नसतो, आधीच केलेल्या मेहनतीतून साठवलेला असतो.

अडचण हालचालीची. घोडा धावतो, कॅमेरा वळतो, झाडाआडून माणूस बाहेर येतो. अर्ध्या सेकंदापूर्वीचे नमुने आता चुकीच्या जागी आहेत. इथे मोशन व्हेक्टर कामी येतात: जुना रंग उचलून नव्या जागी नेऊन ठेवायचा. अंतराचा तक्ता सांगतो की काल झाकलेली भिंत आज उघडी पडली आहे, तेव्हा तिथला जुना रंग टाकून द्या. मग प्रत्येक पिक्सेलला एकच प्रश्न उरतो: जुन्यावर किती विश्वास ठेवायचा आणि नव्यावर किती? जुन्यावर जास्त ठेवला तर पळणाऱ्या माणसामागे भुतासारखी सावली ओढली जाते. नव्यावर जास्त ठेवला तर चित्र थरथरतं. या एका निर्णयावर सगळ्या लायब्ररींची गुणवत्ता ठरते, आणि तो निर्णय फोर-केवर सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी वेळा घ्यावा लागतो.

सूत्र की शिकवण

हा निर्णय दोन प्रकारे घेतला जातो. एएमडीचं एफएसआर २ मे २०२२ मध्ये ‘डेथलूप’ या गेममधून आलं. त्यात माणसांनी हातानं लिहिलेली सूत्रं आहेत. त्यामुळे ते न्यूरल नेटवर्कसाठी खास भाग नसलेल्या जुन्या कार्डांवरही चालतं. पाच-सहा वर्षं वापरलेलं एनव्हिडियाचं जीटीएक्स कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांना या एका गोष्टीनं आणखी काही वर्षं दिली.

एनव्हिडियाचा मार्ग वेगळा. पहिल्या डीएलएसएसला प्रत्येक गेमसाठी वेगळं शिकवावं लागे आणि चित्र पुष्कळदा पुसट येई. मार्च २०२० मधल्या डीएलएसएस २ पासून एकच नेटवर्क सगळ्या गेमना चालू लागलं. त्याला शिकवताना आदर्श म्हणून सोळा-के आकाराची चित्रं समोर ठेवली गेली. एका चित्रात १३ कोटी २७ लाख पिक्सेल, फोर-केच्या सोळापट. आपल्या हातानं रंगवायच्या हिशेबानं असं एक चित्र चार वर्षांहून जास्त वेळ घेईल. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या संशोधन प्रमुखांपैकी एक, ब्रायन कॅटांझारो यांनी सांगितलं की हजारो ग्राफिक्स चिप असलेला एक महासंगणक सहा वर्षं रात्रंदिवस केवळ डीएलएसएस सुधारण्याचं काम करत आहे. तो चित्रं चुकतात कुठे ते शोधतो आणि त्या चुकांवर नेटवर्कला पुन्हा शिकवतो. त्या सहा वर्षांचं सार खेळणाऱ्याकडे पोचतं ते काही डझन एमबीच्या फाइलीतून.

त्याच महिन्यात आलेल्या डीएलएसएस ४ नं भाषेच्या एआयमध्ये वापरली जाणारी ट्रान्सफॉर्मर रचना गेममध्ये आणली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे जुन्यापेक्षा दुप्पट आकड्यांचं आणि चौपट गणिताचं नेटवर्क. सोबत मल्टी फ्रेम जनरेशन आलं: कार्ड एक फ्रेम रंगवतं आणि मधल्या तीन फ्रेम अंदाजानं तयार होतात. रंगवलेली फ्रेमही चौथ्या हिश्श्याचीच. म्हणजे पडद्यावरच्या सोळा पिक्सेलांतला एक रंगवलेला, पंधरा नेटवर्कनं दिलेले. सेकंदाला २४० फ्रेम धरल्या तर पडद्यावर १९९ कोटी पिक्सेल येतात आणि आपला बुलढाणा जिल्हा पाच सेकंदांच्या आत भरून होतो. खरोखर रंगवलेल्या १२ कोटी ४४ लाख पिक्सेलांनी तोच जिल्हा भरायला ७८ सेकंद लागले असते.

हिशेब कुठे चुकतो

या आकड्यांनी भारावून जाताना मर्यादाही ठाऊक असाव्यात. मधली फ्रेम तयार करायला पुढची फ्रेम हातात असावी लागते. म्हणून फ्रेम जनरेशननं खेळ गुळगुळीत दिसतो, पण बटण दाबल्यापासून गोळी सुटेपर्यंतचा वेळ कमी होत नाही; उलट थोडा वाढतो. पाऊस, धूर, ठिणग्या यांना गेम अनेकदा मोशन व्हेक्टर देत नाही, आणि मग मागे रेघोट्या उमटतात. अगदी लहान आकारातून सुरुवात केली, तर झपाट्यानं हलणाऱ्या दृश्यात नमुने जमायला वेळच मिळत नाही. फुल एचडी पडद्यावर अल्ट्रा परफॉर्मन्स लावला तर आतलं चित्र ६४० बाय ३६० चं असतं. तिथून कोणतीही लायब्ररी चमत्कार करू शकत नाही. पडदा फुल एचडी असेल तर क्वालिटी सेटिंगच्या खाली उतरू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट फाइल बदलण्याची. गेमशी असलेला करार डीएलएसएस २ पासून बराचसा तोच राहिल्यामुळे अनेक गेममध्ये जुनी फाइल काढून नवी ठेवता येते आणि वर्षानुवर्षांपूर्वीचा गेम आजच्या नेटवर्कनं दिसू लागतो. पहिल्या पिढीची फाइल मात्र अशी बदलता येत नाही, कारण तिचा करारच वेगळा होता. ही सोय धोक्याचीही आहे. डीएलएल फाइल म्हणजे चालणारा कोड. तो गेमच्या सगळ्या अधिकारांनिशी आपल्या संगणकात शिरतो. कुठल्याही टेलिग्राम गटातून किंवा अनोळखी लिंकवरून आलेली डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आहे का ते पाहा, मूळ फाइल बाजूला जपून ठेवा, आणि ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये हा प्रयोग करू नका. तिथली फसवणूक-रोधक यंत्रणा बदललेली फाइल पाहून खातं बंद करू शकते. एनव्हिडियानं २०२५ पासून आपल्या अ‍ॅपमधूनच नवं नेटवर्क निवडायची सोय दिली आहे. तिथे मिळत असेल तर तीच वाट धरा.

वऱ्हाडातल्या टेबलावर

बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याच संस्थेचा पुढचा परम पद्म जून २००३ मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत १७१ व्या क्रमांकावर आला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला एक लाख कोटी गणितांच्या घरातली होती. आज आरटीएक्स ३०६० सेकंदाला सुमारे पावणेतेरा लाख कोटी गणितं करतं. महासंगणकांच्या यादीत जास्त अचूक, दुप्पट लांबीचे आकडे मोजतात, तेव्हा ही तुलना तंतोतंत नाही. तरी केवढी ताकद घराघरात आली आहे ते यावरून कळतं.

एवढी ताकद हाताशी असूनही पडद्याचा आकडा नुसत्या ताकदीनं पेलला नाही. तो पेलला कारण कुणीतरी विचार केला की अर्ध्या सेकंदापूर्वी केलेलं काम फेकून का द्यायचं. केलेलं काम जपायचं, ते कुठे सरकलं याचा चोख हिशेब ठेवायचा, शिळं झालेलं निर्दयपणे टाकायचं, आणि उरलेली जागा शिकलेल्या अंदाजानं भरायची. मला ही या काळातली अभियांत्रिकीची सर्वांत सुंदर काटकसर वाटते.

आणि ती शिकायला महागडं कार्ड लागत नाही. एएमडीनं जून २०२२ मध्ये एफएसआर २ चा सगळा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. हॅल्टनची सरक, जुन्या रंगावरचा विश्वास, उघड्या पडलेल्या भिंतीची ओळख, हे सगळं त्यात ओळीओळीनं लिहिलेलं आहे, तेही टिपांसकट, फुकट. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी’ हा गेम जगभरच्या खेळाडूंपर्यंत नेला. गेम बनवणं मराठी मुलुखाला परकं राहिलेलं नाही. शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा खामगाव, चिखली, मलकापूरच्या एखाद्या वर्गात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच: पुढच्या वेळी सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ निवडाल, तेव्हा खेळून झाल्यावर तो कोडही उघडा. आधी हॅल्टनचे पहिले आठ आकडे वहीत स्वतः काढा, मग कोडातले ताडून पाहा. यापुढच्या लायब्ररीत तुमची एक ओळ असायला काहीच हरकत नाही.